खालच्या रांगेतलं बटण

पलीकडच्या देशातल्या लोकांबद्दल माझं मत मी कधी लपवलेलं नाही. बावळट आहेत. दुष्ट नाहीत, लबाड नाहीत, वागायला अगदी नीटनेटके, पण बावळट. आमच्या इथून बसने साडेतीन तासांवर सरहद्द. तिकडचे डोंगर असेच, हवा अशीच, भाषाही जवळजवळ हीच, फक्त त्यांची जरा सपक. मग त्या साडेतीन तासांत माणसाची अक्कल नेमकी कुठल्या थांब्यावर उतरते, हे मला आजवर कळलेलं नाही.

आता फोनचंच घ्या. फोन वाजण्यासाठी असतो. वाजला की उचलायचा, बोलायचं, ठेवून द्यायचा. पलीकडे तसं चालत नाही. तिथे आधी मेसेज जातो, आत्ता फोन केला तर चालेल का? मग उत्तर येतं, दहा मिनिटांनी चालेल. मग दहा मिनिटं दोघंही हातात फोन धरून बसून राहणार आणि मग तो वाजणार. आमची सूनबाई तिकडची. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात तिचा मला असा मेसेज आला. म्हटलं, गेलं कोणीतरी. घाबरून मीच फोन लावला, तर बाईंना विचारायचं होतं की इस्त्री दुरुस्त होईल का.

लग्न तिकडेच झालं. चार दिवस राहिलो आणि चार दिवस डोकं धरून बसलो. कपडे धुण्याचं मशीन स्वयंपाकघरात. म्हणजे इकडे भाजी शिजतेय आणि हातभरावर सगळ्या घराचे मोजे गरगर फिरतायत. जिन्यातला दिवा अर्ध्या मिनिटात आपोआप विझतो. दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत मिट्ट अंधार, आणि ही मंडळी भिंत चाचपत एकमेकांना 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' करत उभी. पण कळस म्हणजे भिंतीतले प्लग. त्यांना बटणच नाही. पिन खुपसली की करंट चालू, उपसली की बंद. सगळ्या घरात, प्रत्येक भोकात, चोवीस तास वीज येऊन बसलेली. मी सगळ्या पाहुण्यांदेखत विचारलं, तुमच्याकडे पाण्याच्या नळाला तरी चावी असते ना? सगळे हसले. विहीणबाईही हसल्या. त्यांना विनोद कळलेला नव्हता, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

वीज हा माझा प्रांत आहे म्हणून बोलतो. छत्तीस वर्षं वायरमन म्हणून काढली, त्यातली शेवटची बारा कारखान्याच्या दुरुस्ती खात्यात मुकादम होतो. माझ्या हाताखालच्या एकालाही कधी साधा झटका बसला नाही. माझ्या घराची वायरिंग मी स्वतः केली आहे. पॅसेजमध्ये एक मोठा बोर्ड आहे, त्यावर प्रत्येक खोलीच्या प्लगांसाठी एकेक बटण. रोज नऊ वाजता मी त्या बोर्डापाशी उभा राहतो आणि एकेका खोलीचे प्लग बंद करतो. फक्त फ्रिजचं तेवढं चालू. सकाळी सहाला पुन्हा सगळी चालू. गेली तीस वर्षं, घरी असताना, एक दिवस चुकलेला नाही. ज्याला फोन चार्ज करायचाय त्याने दिवसा करावा. हिला, म्हणजे माझ्या बायकोला, त्याची इतकी सवय झाली आहे की नऊ वाजले की ती आपोआप हातातलं काम उरकते.

गेल्या दोन वर्षांपासून या कामाला मला भागीदार मिळाला होता. माझी नात. वय चार. तिला मी फ्यूज म्हणतो, कारण जरा काही मनाविरुद्ध झालं की लगेच उडते. मुलगा आणि सून एक रस्ता सोडून पुढच्या इमारतीत राहायचे, दोघंही नोकरीला, त्यामुळे फ्यूज दुपारपासून आमच्याकडे. संध्याकाळी ती दोघं इथेच जेवायला यायची आणि सव्वानऊला तिला घेऊन जायची. तर नऊ वाजता वरच्या दोन रांगांची बटणं मी बंद करायचो आणि खालच्या रांगेत एकच बटण होतं, मागच्या खोलीचं, ते तिचं. तिच्या हाताला पोचेल असं तेवढंच होतं. टाचा उंचावायची, अंगठ्याने दाबायची आणि म्हणायची, 'झोपली खोली.' दिवसभरात मला खरोखर कशाची वाट बघावीशी वाटत असेल तर त्या मिनिटाची. हे मी हिलाही कधी सांगितलेलं नाही, पण तिला ठाऊक होतं.

आणि नेमकं तेच जायची वेळ आली. विहीणबाई तिकडे एकट्या. नवरा लेकीच्या लग्नानंतर वर्षभरात गेला, आणि हळूहळू यांचे कान गेले. सूनबाईच्या मनाने घेतलं की आईजवळ जाऊन राहायचं. आमच्या चिरंजीवांच्या ऑफिसची तिकडे शाखा आहेच, बदली मागितली की झालं. त्याने मला एका रविवारी समोर बसवून सांगितलं. म्हणाला, तिची आई आता कानांना लावायची नवीन यंत्रं घेऊन तीन आठवडे आपल्याकडे राहायला येते आहे. ती एकटी राहू शकते असं दिसलं तर आम्ही इथेच. नाही तर फ्यूजची बालवाडी संपली की तिकडे, कायमचं. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? माझी नात इथे राहणार की जाणार, हे त्या तीन आठवड्यांत एका बहिऱ्या बाईच्या हातात होतं.

विहीणबाई आल्या. मुलाकडे दोनच खोल्या, म्हणून त्यांना आमच्या मागच्या खोलीत उतरवलं. दोन्ही कानांत वालाच्या दाण्याएवढी यंत्रं. ती रात्री काढून एका पांढऱ्या डबीत ठेवायची, डबी प्लगला लावायची, रात्रभरात ती चार्ज होतात, पहाटे साडेपाचला उठल्या की त्या पुन्हा कानांत घालायच्या. डबीवर एक बारीक दिवा. चार्ज होताना लागतो, पोट भरलं की विझतो. त्यांनी पहिल्याच सकाळी मला सगळं दाखवलं, शाळेतली मुलगी वही दाखवते तसं. मग स्वयंपाकघराच्या दाराकडे बघून, ऐकायला कोणी नाही अशी खात्री करून म्हणाल्या, "भाऊ, माझ्यासाठी तिने इथलं घर मोडू नये. माझं मला जमतं. मी तेच दाखवायला आले आहे."

म्हणजे बाई माझ्या बाजूची होती. एवढं सरळ मला कोणी सांगितलं नव्हतं. माणसाने उठून हात जोडायला हवे होते. मी मात्र मनात म्हटलं, आधी धड वागायला शीक, मग जमण्याचं बोल.

कारण त्यांच्या एकेक तऱ्हा. मागच्या खोलीतून स्वयंपाकघर बारा पावलांवर. तिथून हिला मेसेज, चहाला आत्ता आले तर चालेल का? आल्या की दारात उभ्या, आत बोलावल्याशिवाय पाऊल टाकायच्या नाहीत. पंखा लावायचा तर विचारणार. लिफ्टमध्ये शिरल्या की आतल्या सगळ्यांना नमस्कार केल्यासारखी मान हलवणार आणि दार बंद करायचं बटण दाबणार नाहीत, ते म्हणे उद्धटपणाचं दिसतं. दार आपलं आपण बंद होईपर्यंत आम्ही उभे. मिक्सर घेतला तर आधी माहितीपत्रक कुठे आहे म्हणून विचारलं. मिक्सरचं माहितीपत्रक! हिने तो मिक्सर घेतला तेव्हा खोक्याबरोबर ते टाकून दिलं होतं. मी हे सगळं रोज मित्रांना कट्ट्यावर सांगायचो आणि ते पोट धरून हसायचे.

त्या आल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारपासूनच गडबड सुरू झाली. सकाळी विहीणबाईंना सगळं ऐकू यायचं, चांगल्या गप्पा मारायच्या. बारा-साडेबारा वाजले की एकदम दारं लावल्यासारख्या. काही विचारलं की ओठांकडे बघायच्या, गोड हसायच्या आणि म्हणायच्या, 'हो, छान.' हिने विचारलं, डोकं दुखतंय का? हो, छान. नळ चालू राहिलाय का मागे? हो, छान. संध्याकाळी सूनबाई ऑफिसातून यायची तेव्हा तिच्या वाट्याला हीच आई यायची, हसणारी आणि ठार बहिरी. सूनबाई कानाशी जाऊन मोठ्याने विचारायची, आई, यंत्रं लावली होतीस ना चार्जिंगला? त्या म्हणायच्या, रोज लावते. खरंच रोज लावते. मग म्हणायच्या, पहाटे यंत्रं काढली तेव्हा डबीचा दिवा विझलेला होता. म्हणजे पोट भरलेलं.

असे दहा दिवस गेले. मग ती दुपार आली. हिला दात काढायचा होता म्हणून आम्ही दोघं दवाखान्यात गेलो, घरी विहीणबाई आणि फ्यूज. परत आलो तर दारातूनच फ्यूजचा आवाज. न्हाणीघरात गेली होती, आतून कडी लागली आणि निघेना. रडून रडून घसा बसलेला. आणि शेजारच्या खोलीत विहीणबाई खुर्चीत बसून तिच्या बाहुलीच्या फ्रॉकला बटण शिवत होत्या. अर्धा तास ते मूल ओरडत होतं. मी दार उचकटलं. पोरीला उचललं तर ती माझी कॉलर सोडेना. विहीणबाईंना काय झालं ते कळलं तेव्हा त्या भिंतीला टेकून खालीच बसल्या. मी त्यांना काही बोललो नाही. बोलून ऐकू कुठे येणार होतं?

संध्याकाळी सूनबाईने सगळं ऐकून घेतलं आणि ती डबी माझ्यासमोर आणून ठेवली. बाबा, तुम्ही एकदा तपासता का, म्हणाली. यंत्र खराब असेल तर उद्याच्या उद्या बदलून घेऊ. बोलताना तिचा आवाज असा होता की यंत्र खराब असावं म्हणून बिचारी आशा लावून बसली आहे.

मी दुसऱ्या दिवशी रविवारी सकाळी डबी माझ्या गॅलरीतल्या टेबलावर घेतली. माझ्या प्लगला लावली, यंत्रं आत ठेवली. दिवा लागला. टेस्टर लावून पाहिला, मीटर लावून पाहिला, पिन घासून पाहिली, वायर वाकवून पाहिली. तीन तासांनी दिवा विझला. दुपारी एकला यंत्रं विहीणबाईंच्या कानात दिली. चार वाजता मी मागून हळूच टाळी वाजवली, त्यांनी वळून पाहिलं. एवढी तपासणी केली मी. फक्त ती डबी त्यांच्या खोलीत कशी राहते, किती वाजता लागते, हे बघायला मी त्या खोलीत गेलो नाही. बाईमाणसाच्या खोलीत कशाला जायचं? आणि त्या खोलीची वायरिंग मीच केलेली, तिच्यात काय बघायचं?

संध्याकाळी सगळे जेवायला बसले. विहीणबाई नेहमीसारख्या कोपऱ्यात, खाली मान घालून. संध्याकाळी त्यांना ऐकू येत नाही हे इतकं अंगवळणी पडलं होतं की त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल आम्ही बेधडक बोलायचो. मी घसा साफ केला आणि निकाल दिला. म्हटलं, "यंत्रात काही दोष नाही. दोष वापरणाऱ्यात आहे. त्या रोज लावते म्हणतात, पण लावत नाहीत. विसरतात. कानांचं सोड, त्यांचं डोकंच आता साथ देत नाही. आणि पलीकडच्या माणसांचं डोकं मुळात असतं किती?"

ताटात चमचा ठेवल्याचा आवाज आला.

"मी रोज लावते," विहीणबाई म्हणाल्या.

 मला एकदम आठवलं की आज यंत्रं दुपारी माझ्याच हातून भरून गेली आहेत, आज यांना सगळं ऐकू येतंय. कट्ट्यावरचे मित्र हसतात तसं आमच्या टेबलावर कोणीच हसलं नाही. विहीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग मुलीकडे पाहिलं. ती त्यांच्याकडे बघत नव्हती, ताटात बघत होती. तेव्हा त्या पुन्हा म्हणाल्या, अगदी हळू, "म्हणजे, लावते असं मला वाटतं."

तिथेच सगळं संपलं. चिडल्या असत्या, भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्यांनी माझा निकाल मान्य केला. ज्याला विजेतलं कळतं त्या माणसाने तीन तास तपासून सांगितलं, म्हणजे आपलंच डोकं गेलं असणार, असं त्या बाईने त्या क्षणी स्वतःबद्दल ठरवून टाकलं. पलीकडचे लोक असेच. माहितीपत्रकात लिहिलेलं खरं मानणारे.

रात्री झोपताना हिने मला फैलावर घेतलं. म्हणाली, यंत्र बिघडलंय एवढं सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? नवीन आणलं असतं, महिनाभर वेळ मिळाला असता, पोरं इथे राहिली असती. मी म्हटलं, मी तपासलंय. छत्तीस वर्षांत चालू यंत्राला मी कधी बंद म्हटलेलं नाही, आता नातीसाठी खोटं बोलू? ती म्हणाली, खरं बोलायलाही जीभ जरा सांभाळावी लागते. मी पाठ फिरवली.

हिने तरी प्रयत्न सोडला नाही. दुसऱ्या दिवशी पावणेनऊला ती विहीणबाईंबरोबर मागच्या खोलीत गेली, त्यांनी यंत्रं डबीत ठेवलेली, पिन लावलेली, दिवा लागलेला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी बारा वाजता विहीणबाई पुन्हा बहिऱ्या. ही माझ्याकडे आली. म्हणाली, अहो, मी पाहिलंय, त्यांनी लावलं होतं. मी पेपरातून डोकं वर न काढता म्हटलं, मग पहाटे उठून काढून ठेवलं असेल, म्हाताऱ्या माणसांना भान राहत नाही. हिचं वय विहीणबाईंपेक्षा दोन वर्षांनी जास्त आहे. ती स्वयंपाकघरात निघून गेली.

सूनबाईने त्याच आठवड्यात नोकरीचा राजीनामा दिला. मला येऊन सांगितलं, आईला अशा अवस्थेत एकटं ठेवून मला घास गिळवणार नाही. विसरभोळेपणा एकदा सुरू झाला की वाढतच जातो असं डॉक्टरही म्हणतात. मी मान हलवली. मुलाची बदली पंधरा दिवसांत मंजूर झाली. तोवर विहीणबाईंनाही ठेवून घेतलं, सगळे एकदमच जाणार म्हणून. शेवटच्या दिवसांत विहीणबाई बोलेनाशाच झाल्या होत्या. सकाळी ऐकू येत असतानाही त्या वस्तू पुन्हा पुन्हा तपासत असायच्या. चष्मा, किल्ली, गोळ्या. एका चिठ्ठीवर लिहून ठेवायच्या, यंत्रं लावली, वेळ पावणेनऊ. एक चिठ्ठी मी केराच्या डब्यात पाहिली. मला कीव आली, पण तीही वरून खाली बघताना येते तशी.

शेवटच्या संध्याकाळी नऊ वाजता फ्यूज आणि मी बोर्डापाशी उभे राहिलो. वरची बटणं मी बंद केली. तिने टाचा उंचावल्या, अंगठ्याने दाबलं. 'झोपली खोली.' मी तिला उचलून घेतलं आणि बराच वेळ खाली ठेवलंच नाही. ती म्हणाली, आजोबा, टोचतंय. दाढी वाढली होती माझी.

ते गेले आणि घर खायला उठलं. दुपारी दोनला तिची बस यायची, त्या वेळेला ही अजूनही खिडकीपाशी जायची. मी कट्ट्यावर जाणं कमी केलं. नऊ वाजता वरची बटणं बंद करून मी खालच्यासाठी वाकायचो तेव्हा गुडघ्यात कळ यायची, ते बटण मी इतक्या खाली का लावलं म्हणून स्वतःलाच शिव्या घालायचो. रिकाम्या खोलीचं बटण दिवसभर चालू कशाला ठेवायचं, हा प्रश्न कोणी विचारू नये. सकाळी सहाला चालू आणि रात्री नऊला बंद, असा नेम म्हणजे नेम.

दीड महिन्याने एकदा नऊला पाच कमी असताना फोनवर मेसेज आला. बाबा, आत्ता फोन केला तर चालेल का? आणि मी, मी उत्तर लिहिलं, चालेल. लिहून झाल्यावर माझं मलाच कळलं की मीही आता दहा मिनिटं फोन धरून बसणाऱ्यांतला झालोय. बोर्डापाशी उभा राहिलो. वरची बटणं बंद केली. फोन वाजला. ही शेजारी येऊन उभी राहिली, म्हणून मी आवाज मोठा केला.

सूनबाईचा आवाज उजळलेला होता. म्हणाली, बाबा, तुम्हाला एक गंमत सांगायची आहे. आईची यंत्रं इथे आल्यापासून दिवसभर चालतात. सकाळपासून झोपेपर्यंत. एक दिवस खंड नाही. मी रोज लपून बघते, ती रोज नेमाने लावते, कोणाला आठवण करून द्यावी लागत नाही. डॉक्टरांना दाखवलं, ते म्हणाले डोकं अगदी ठणठणीत आहे. मग तिकडेच काय झालं होतं? तुम्ही तर नीट तपासलं होतं. हे तिकडे असताना कळलं असतं ना बाबा, तर आम्ही हललोच नसतो. आता इथे याची बदली झाली, माझी नवी नोकरी, हिची शाळा, सगळं रुजलं.

मी काही म्हणायच्या आत फोन हिसकावल्याचा आवाज आला आणि फ्यूज बोलायला लागली. तिला शाळेत कोणीतरी ढकललं होतं, तिने त्याला परत ढकललं होतं. मग म्हणाली, "आजोबा, माझं बटण आता कोण बंद करतं? इथे आजीच्या खोलीला बटणच नाहीये. इथली खोली झोपतच नाही."

माझा अंगठा त्या वेळी त्या बटणावर होता.

खरं सांगतो, झटका कसा बसतो ते मला छत्तीस वर्षांत ठाऊक नव्हतं. पावणेनऊला ती बाई यंत्रं डबीत ठेवायची. दिवा लागायचा. नऊला आम्ही आजोबा-नात लाडाने बटण बंद करायचो. दिवा विझायचा. त्या समजायच्या पोट भरलं. पंधरा मिनिटांचं चार्जिंग, दुपारी बारापर्यंत पुरायचं. त्यांच्या देशात पिन लावली की लावली, भिंतीमागून कोणी करंट काढून घेईल हे त्यांच्या डोक्यात यावं कशाला? सूनबाईला तो नुसता आजोबा-नातीचा खेळ वाटायचा. इथल्या बटणाने मागच्या खोलीचा करंट जातो आणि तिकडच्या भिंतींना बटणंच नसतात, हे दोन्ही पक्कं ठाऊक असलेला इथे एकच माणूस होता. त्याने भर लग्नात त्याचा विनोद केला होता.

"हं बाबा," सूनबाई पुन्हा फोनवर आली होती. "मग काय झालं असेल? आई रोज विचारते. तिला अजून वाटतं की तिकडे तिचंच काहीतरी चुकत होतं."

मी हिच्याकडे पाहिलं. ही बोर्डाकडे बघत होती. वरच्या दोन रांगांकडे, मग खाली माझ्या अंगठ्याकडे. तिला विजेतलं ओ की ठो कळत नाही, पण तिलाही कळलं. ती फक्त एवढंच म्हणाली, "सांगा."

एका वाक्याचं काम होतं. बटण मी बंद करत होतो, तुझ्या आईचं काही चुकलं नाही. एवढंच. तोंड उघडलं तर जेवणाचं टेबल डोळ्यांपुढे आलं, ताटात ठेवलेला चमचा, ती चिठ्ठी, यंत्रं लावली, वेळ पावणेनऊ. आणि मुलाचा चेहरा. आणि कट्टा. चालू यंत्राला कधी बंद न म्हणणारा मी.

"तुमच्याकडची वीज चांगली असेल," मी म्हणालो. "इकडे व्होल्टेज फार कमी-जास्त होतं. बारीक यंत्रं आहेत, त्यांना सोसत नाही. त्यांची काही चूक नव्हती. तिकडची वीजच चांगली."

 मग सूनबाई हसायला लागली, मोकळं, बऱ्याच दिवसांत हसली नव्हती तशी. तिने तोंड वळवून हाक मारली, आई, ऐकलंस का, बाबांनी आज पहिल्यांदा आपल्या देशातल्या कशाला तरी चांगलं म्हटलं.

लांबून, बहुधा दुसऱ्या खोलीतून, विहीणबाईंचा आवाज आला. शांत, आणि अगदी स्पष्ट.

"ऐकलं."

फोन ठेवला. त्या एका शब्दाचा अर्थ लावण्यात माझ्या किती रात्री गेल्या ते विचारू नका. त्यांना कळलं होतं की नव्हतं, मला ठाऊक नाही, आणि विचारायला मी फोन केलेला नाही. करायचा म्हटला तर आधी मेसेज पाठवावा लागेल.

छत्तीस वर्षांत मला कोणी खोटारडा म्हटलं नव्हतं. हिने त्या दिवशीही म्हटलं नाही. तिने माझा अंगठा बाजूला सारला, वाकून बघितलं की ते बटण चालूच आहे, आणि झोपायला निघून गेली.